आसवांसाठी आटापिटा

सप्टेंबर उजाडला की आपल्या सांगलीकरांना होतं तरी काय? एरवी कृष्णेची पातळी आणि हळदीचा भाव यापलीकडं न बोलणारी माणसं एकदम साताऱ्याजवळच्या कास पठाराकडं निघतात! यवतेश्वरच्या घाटात ‘एमएच १०’च्या गाड्या मुंगीच्या पावलानं सरकताहेत, मागच्या सीटवर भडंगाचं पुडकं फुटलंय, पोरं ओकताहेत. कशासाठी? तर नखाएवढ्या जांभळ्या फुलासाठी!

नाव म्हणे सीतेची आसवं. वरून बाईसाहेब अगदी सोज्वळ. खाली काय चाललंय ते बघा. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम, पोटाला लागेल असं तिच्यात काही नाही. मग चिंब मातीत बारीक फुगे पसरायचे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव पातं लवायच्या आत गट्टम! शिव शिव! आणि या मांसाहारी बयेपुढं आपले चातुर्मास पाळणारे काका लोटांगण घालणार? पांढरी विजार चिखलात, मोबाईलला चिकटवलेलं भिंग, वर काकूंना दटावणी, ‘‘सावली पाडू नकोस गं!’’ ज्या गृहस्थानं बायकोला जन्मात गजरा आणला नाही, तो हिचं शास्त्रीय नाव ‘युट्रिक्युलेरिया’ बिनचूक म्हणतो! काकू तरी कमी कुठं? कवल्याच्या पिवळ्या फुलात त्यांना मिकी माउस दिसला, तो त्यांनी अख्ख्या भिशीला दाखवला. पुढच्या रविवारी भिशी सड्यावर.

२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, मग तर ताळतंत्रच सुटलं. हळद लागायच्या आधीच जोडपी तेरड्यात लोळायला हजर! एप्रिलमध्ये या कातळाकडं ढुंकून तरी बघतात का? अहो, ही रोपं एका पावसाची. यंदाचं बी मातीत पडलं तर पुढच्या वर्षी गालिचा. रीलवाल्यांनी फुलोऱ्यावरच बैठक मारली तर बी धरणार कधी, आणि पडणार कुठून?

हसताय काय? तुमच्या मोबाईलमध्ये नाही तो फोटो? आधी डीपी बदला, मग बोला!

जायचंच असेल तर बुकिंग करून जा, आखलेली वाट सोडू नका, शनिवार-रविवार टाळा. आणि मंगळवारी तर मुळीच येऊ नका. त्या दिवशी आम्ही चाललोय.