जमिनीचं दुःख कसं मांडावं

न्यू जर्सीत घर घेतल्यावर काही गोष्टी माणसाला उशिरा कळतात. घराबरोबर गवतही आपल्या गळ्यात पडलंय, ही पहिली. आपल्याच अंगणातून आपलीच गाडी किती ठिकाणांहून रस्त्यावर उतरवायची हे ठरवणारे आपण कोणी नाही, ही दुसरी.

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर पाटी पंचवीस मैलांची आहे आणि गाड्या चाळिसाने जातात. ड्राइव्हवे एकच, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत सरळसोट. म्हणजे रोज सकाळी रिव्हर्समध्ये उतरायचं. अकरा वर्षं ही गाउनवर कोट चढवून गवताच्या कडेला उभी राहायची आणि हातवारे करायची. "या, या, या... अहो थांबा! स्कूल बस!" शेवटी एका जानेवारीत, हात खिशातून बाहेर काढणं अशक्य झाल्यावर तिने फर्मान काढलं: ड्राइव्हवे घोड्याच्या नालेसारखा करून घ्या, एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दोन दिवसांचं काम. ते खरंच दोन दिवसांत झालं. त्याआधीचे चौदा महिने कसे घालवावेत, याचं हे मार्गदर्शन.

आपल्याकडे शुभकार्य गणपतीने सुरू होतं, इथे नकाराने. प्रथम झोनिंग ऑफिसरकडे परमिट मागायला जावं. तो पुस्तक उघडून दाखवेल की रस्त्याकडची बाजू १०० फुटांपेक्षा कमी असेल तर रस्त्याकडेचा कर्ब एकाच ठिकाणी, म्हणजे ड्राइव्हवेच्या एकाच तोंडासाठी, कापता येतो (हा आमच्या गावचा नियम, तुमच्या गावाने दुसरा काहीतरी शोधून काढलेला असेल). आमची बाजू ८८ फूट. त्याच्याशी हुज्जत घालू नये, तो बिचारा फक्त वाचून दाखवतो. नकार मात्र लेखी घ्यावा आणि लग्नपत्रिकेसारखा जपावा, कारण पुढे झोनिंग बोर्डापुढे उभं राहताना तोच कामी येतो. बोर्ड देतं त्याला व्हेरियन्स म्हणतात. नियम जागचा हलत नाही, तुमच्यापुरता त्याच्याकडे काणाडोळा होतो, तोही जाहीर सभेत, मतदान घेऊन आणि इतिवृत्तात नोंद करून.

पहिली फी भरताना हे सगळं कोणी सुरू केलं असा प्रश्न पडतोच. न्यूयॉर्कने १९१६ साली सबंध शहराला लागू होणारे झोनिंगचे नियम केले. मग ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावावर जमिनीच्या धंद्यातल्या एका कंपनीने खटला भरला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२६ मध्ये गाव जिंकलं. निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी दाखला दिला तो गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचा. वस्तू योग्य, जागा चुकीची. जवळजवळ शंभर वर्षांनी त्या डुकराच्या जागी माझी जुनी कॅमरी उभी होती.

आता मुख्य विधी. अर्जात एक रकाना असतो: आपली अडचण सांगा. इथे मराठी माणसाची लेखणी सुटते. मी साडेतीन पानं लिहिली. माझी कंबर, सासूबाईंचे गुडघे, हिची सर्दी, मुलाने न विचारता आणलेली तिसरी गाडी, गणपतीत आलेल्या पाहुण्यांनी कुठे कुठे गाड्या लावल्या आणि त्यावरून कोण काय बोललं, सगळं. परवानाधारक प्लॅनर गाठला होता. त्याने शांतपणे वाचलं आणि लाल पेनने साडेतीनच्या साडेतीन पानं खोडली.

"हे तुमचं दुःख झालं," तो म्हणाला. "मला जमिनीचं दुःख पाहिजे."

हे वाक्य फ्रेम करून लावावं. न्यू जर्सीचा जमीन वापराचा कायदा १९७५ चा आहे आणि तो माणसाच्या भानगडीत पडत नाही. जमीन अरुंद आहे का, उथळ आहे का, तिचा आकार वेडावाकडा आहे का, चढउतार आहे का, तिच्यावर आधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम आडवं येतं का, एवढंच तो विचारतो. शिवाय ते दुःख तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं नसावं. धडधाकट जमिनीचा मालक कितीही वाकलेला असो, त्याला सूट नाही. उलट मालक दांडगा आणि जमीन लंगडी असेल तर बोर्डाला पाझर फुटू शकतो.

त्या संध्याकाळी मी अंगणात जाऊन जमिनीकडे पाहिलं. अकरा वर्षांत तिची कधी विचारपूस केली नव्हती. फक्त कापत आलो होतो. सर्व्हेअरकडून तिची कुंडली मांडून घेतली, तेव्हा एकेक ग्रह बाहेर आले. पुढची बाजू आखूड. उजवीकडे चांगला उतार. डावीकडे, गाडी वळवायला जिथे जागा झाली असती तिथे, एक म्हातारा ओक. या ओकला मी दर ऑक्टोबरात पानं गोळा करताना यथेच्छ शिव्या घातलेल्या. आता तोच माझा मुख्य साक्षीदार ठरणार होता, कारण "अंगणातच गाडी वळवून तोंड पुढे करून का निघत नाही?" हा प्रश्न बोर्ड विचारणार म्हणजे विचारणारच. मी त्याच्या बुंध्याचा घेर मोजला. ही खिडकीतून बघत होती. "मिठी कसली मारताय झाडाला?"

जमीन अगदीच सुदृढ निघाली तर दुसरी वाट आहे: सूट दिल्याने होणारा फायदा तोट्यापेक्षा बराच मोठा आहे असं दाखवणं. पण १९८८ च्या कॉफमन खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की फायदा एकट्या अर्जदाराचा असून चालत नाही, गावाचा व्हायला हवा. त्यामुळे "मला रिव्हर्स घ्यावा लागणार नाही" असं म्हणू नये. "स्कूल बससमोर उलटी येणारी एक गाडी कायमची कमी होईल" असं म्हणावं. गाडी तीच. आम्ही दोन्ही वाटांनी गेलो.

साहित्याबद्दल थोडक्यात. नकाराचं पत्र, सर्व्हे, सही-शिक्क्याचे नकाशे (आमच्या गावाला अठरा प्रती लागल्या), फोटो, घराचा कर भरल्याचा दाखला. रस्ता काउंटीचा असेल तर काउंटीचीही वेगळी परवानगी. घर एलएलसी म्हणजे कंपनीच्या नावावर असेल तर वकील करावाच लागतो. स्वतःच्या नावावर असेल तर स्वतः बोलता येतं आणि पस्तावताही येतं. याशिवाय एस्क्रो नावाची एक दक्षिणा असते. बोर्डाचा इंजिनिअर तुमचाच नकाशा तपासून तुमच्याच चुका काढतो आणि त्याचे पैसे तुमच्याच ठेवीतून घेतो. त्याने आपला वेळ पाव-पाव तासाच्या हिशेबाने लिहावा, असं कायदाच सांगतो. म्हणून त्याला मेल लिहिताना "आशा आहे आपण मजेत असाल" वगैरे घालू नये. वाचायला वेळ लागतो.

आता शेजारी. तुमच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी २०० फुटांच्या आत ज्याची जमीन आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस गेली पाहिजे आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही झाली पाहिजे. नावांची यादी गावच देतं, दर नावाला २५ सेंट किंवा एकूण १० डॉलर, जे जास्त असेल ते. पत्रं सर्टिफाइड टपालाने टाकावीत. दहा दिवस म्हणजे दहा. एका दिवसाने चुकलात तर तुमचं म्हणणं ऐकण्याचा अधिकारच बोर्डाला उरत नाही आणि सगळं पहिल्यापासून.

माझ्या यादीत तेवीस नावं होती. अकरा वर्षांत त्यांतल्या चौघांशी बोललो असेन. पोस्टातली बाई पोचपावतीची तेवीस हिरवी कार्डं बघून म्हणाली, "लग्न आहे का घरी?" मी नाही म्हटलं, तर तिने चेहरा पाडला, जणू दुसरा काय प्रकार असतो ते तिला ठाऊक होतं. हाताने लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही, पण सही करून घ्यावं लागणारं पत्र माणूस दोनदा वाचतो. सकाळी फिरायला जाताना नुसती मान हलवणारे एक गृहस्थ आता माझ्या कर्बपाशी थांबून, हात मागे बांधून, पाणी कुठे वाहील याचा विचार करू लागले.

इथे एक आपुलकीचा सल्ला: पत्र टाकायच्या आधी घरोघरी जावं. रिकाम्या हाताने जाऊ नये. आम्ही बेसनाचे लाडू नेले. डावीकडचे गुजराती काका म्हणाले, "अरे एमां शुं, आपल्यालाही करायचंय, आधी तुमचं होऊ दे." समोरच्या आजोबांनी लाडू घेतला, दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि विचारलं की तुमच्या गाडीचे दिवे माझ्या बेडरूममध्ये येतील का. बोर्डाच्या सदस्यांकडे मात्र लाडू घेऊन चुकूनही जाऊ नये. ही सात माणसं गावचीच असतात, पण निवडून आलेला पुढारी या बोर्डावर बसू शकत नाही, आणि प्रकरण चालू असताना त्यांच्याशी खाजगीत बोलायचं नसतं. कोणाचा तरी मेहुणा कोणाच्या तरी ओळखीचा आहे, या एका तत्त्वावर मी इचलकरंजीत वाढलो. इथे ते भांडवल बुडीत खात्यात गेलं.

सुनावणी संध्याकाळी साडेसातला. ध्वजवंदन होतं, सभेची रीतसर सूचना दिली होती हे वाचून दाखवतात, मग हजेरी. आमच्या आधी एका दुकानाच्या पाटीचं प्रकरण होतं. पाटी उजेडाची असावी की नुसतीच, यावर दीड तास गेला. दहानंतर नवा अर्ज घ्यायचा नाही असा बोर्डाचा दंडक, त्यामुळे आम्हाला पुढच्या महिन्याची तारीख पडली. मी इस्त्रीचा कोट तसाच घडी घालून परत आणला. दुसऱ्या महिन्यात नंबर लागला. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली. पुराव्यांच्या यादीत माझा फोटो "ए-१" झाला, ओकचा "ए-२".

बोलताना घरातून सक्त ताकीद होती: कंबरेचं नाव काढायचं नाही. मी जमिनीबद्दल बोललो. तिची अरुंद छाती, उजव्या अंगाचा उतार, डाव्या अंगाला तो ओक. बोलता बोलता गळा दाटला, आणि ते नाटक नव्हतं. एका बाईंनी विचारलं, ओक तोडला तर? मी म्हणालो, "बाई, तो आमच्या आधीपासून तिथे आहे." हिने मागून कोट ओढला. मी आवरतं घेतलं.

मग लोकांची पाळी. पहिला शेजारी उठतो तेव्हा "माझं यांच्याशी काही वैर नाही" असं म्हणतो. हे वाक्य ऐकलं की पाणी प्यावं, पुढे वेळ लागतो. पाणी साचेल, गावाचं रूप बदलेल, आज याने केलं तर उद्या सगळे करतील. समोरचे आजोबा दिव्यांबद्दल बोलले, पण शेवटी, कोणी न विचारता, म्हणाले की बाई थंडीत रस्त्यात उभी राहते ते मला बघवत नाही. सगळ्या सभेने वळून हिच्याकडे पाहिलं. हे माणसाचं दुःख होतं, कायद्याच्या दृष्टीने शून्य. अध्यक्षांनी ते नोंदवून घेतलं की नाही कोण जाणे. माझ्यासारख्या प्रकरणाला साधं बहुमत पुरतं. घराच्या जागी दुकान थाटायचं असतं तर सातांपैकी पाच मतं लागली असती. आम्हाला पाच विरुद्ध दोन मिळाली. अटी: समोर आर्बोरव्हिटीची सात झुडपं आजोबांच्या खिडकीसाठी, पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा, आणि ओकला हात लावायचा नाही.

हो म्हटलं म्हणजे झालं, असं समजू नये. पुढे ४५ दिवसांच्या आत बोर्ड लेखी ठराव करतं. तो वाचून मला भरून आलं, कारण तो हुबेहूब आपल्या सरकारी मराठीत होता, फक्त इंग्रजीत: ज्याअर्थी अर्जदाराची बाजू ८८ फूट आहे, आणि ज्याअर्थी तिथे ओक आहे, आणि ज्याअर्थी... अकरा ज्याअर्थींनंतर एक त्याअर्थी. निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून आणखी ४५ दिवस कोणालाही कोर्टात जाता येतं. तेवढे दिवस फिरायला जाणाऱ्या त्या गृहस्थांना आपण आधी नमस्कार करावा.

नंतर रस्ता खणण्याचं परमिट, आणि खणण्याआधी ८११ ला फोन. ते येऊन गवतावर रंगीत खुणा करतात, पिवळी गॅसची, निळी पाण्याची. दोन दिवसांत डांबर पडलं. ही सूट माणसाला नाही, जमिनीला मिळालेली असते. आम्ही घर विकलं तरी दुसरं तोंड तिचंच.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. रात्री गावाचा नांगर आला आणि नेहमीप्रमाणे रस्त्यावरचा बर्फ ढकलत ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून गेला. दोन्ही तोंडांशी. हा बर्फ परत रस्त्यावर लोटायचा नाही, असाही नियम आहे. पहाटे साडेपाचला एका तोंडाशी मी फावडं घेऊन, दुसऱ्या तोंडाशी ही, गाउनवर कोट चढवून. वीसेक मिनिटांनी ती थांबली, फावड्यावर रेलली आणि ८८ फुटांपैकी बऱ्याच फुटांवरून ओरडली, "अहो! यातलं एक बंद करायचं असेल तर पुन्हा शेजाऱ्यांना पत्रं घालावी लागतात का?"