डुप्लिकेट चालणार नाही

सुरतच्या भेस्तान स्टेशनावर 'ओ पाटील!' अशी हाक मारून बघा, निम्मा फलाट वळेल. अर्धा खानदेश येऊन वसलेल्या या भागात आप्पांना छंद जडला तो यादीत प्रत्येक नाव एकदाच ठेवण्याचा!

आप्पा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ग्रे-खात्यात आहेत. ग्रे म्हणजे रंगायला आलेला कोरा कपडा. दिवसभर ताके आणि चलानं येतात, त्यात एकाच पार्टीचं नाव पुन्हा पुन्हा. महिनाअखेर शेठ विचारणार, "एकूण पार्ट्या किती?" पूर्वी कारकून वहीवर बोट फिरवत बसे. आप्पांनी पायथनमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तेव्हापासून ते चहासुद्धा पायावर पाय टाकून पितात.

"हॅश टेबल, भो!" समोरच्यानं विचारलं नसलं तरी ते सांगतात. नावाच्या अक्षरांवरून आकडा काढायचा, आकडा सांगेल त्या खणात डोकवायचं. नाव तिथं असलं तर पुढं चला, नसलं तर ठेवा. दोन वेगळी नावं एका खणात आली तरी हरकत नाही, तिथं पूर्ण नाव ताडलं जातं. दहा हजार नावं एकमेकांशी ताडत बसलात तर जवळपास ५ कोटी तुलना. इथं एका नावाला बहुधा एक फेरी. १९५३ साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी ही युक्ती टिपणात मांडली. कुलदैवताच्या खालोखाल आप्पा नाव घेतात ते या लूनसाहेबांचं.

घरीही तोच खाक्या. शेजाऱ्यानं शिर्डीची हकिगत पुन्हा काढली की "आलंय आधी." वहिनींनी "दळण आणा" दुसऱ्यांदा म्हटलं तर ते कानापर्यंत पोचत नाही, पहिल्यांदाच नोंद झालेली असते. दळण आणणं हा भाग स्क्रिप्टमध्ये नाही.

'पाटील' आणि 'पाटिल' हे स्क्रिप्टच्या लेखी दोन परके गृहस्थ. म्हणून मिलमध्ये आप्पांनी नाव सोडून पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर धरला. माणसांना जीएसटी नंबर नसतो, ही त्यांची देवाकडे खरी तक्रार.

तक्रार उफाळली कानबाईला, म्हणजे खानदेशी देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. सगळी भाऊबंदकी आप्पांकडे जमलेली. आप्पांनी कुळाच्या ग्रुपवरून नावं गोळा करून यादी काढली. सुपात हात घालत आई म्हणाली, "चार कमी आहेत."

"मशीन चुकत नाही, आई."

"ज्ञानेश्वर किती धरले?"

एक. कुळात ज्ञानेश्वर चार. शिवाय बारसं न झालेली दोन बाळं रिकाम्या नावाच्या एकाच खणात झोपलेली. आप्पांनी घाईनं वडलांचं नाव जोडलं. बाळं सुटी झाली, पण दोन ज्ञानेश्वरांचे वडील नामदेवच निघाले. मग मोबाइल नंबर जोडला, तर त्या दोघांनीही नंबर दिलेला एकाच पुतण्याचा.

आई यादीकडे बघतही नव्हती. "थोरलीचे दोन, मधलीचे तीन..." अशी सुनांवरून मोजत तिनं गहू टाकले आणि सूप उचललं. आप्पा लॅपटॉप घेऊन मागं मागं. "आई, थांब, सुनांची नावं सांग, रकाना वाढवतो."

"घे लिहून. सुनीता. सुनीता. धाकटी पण सुनीताच."