टपरी विकली, गिऱ्हाइकांसकट

फेब्रुवारी 2014 मध्ये फेसबुकनं व्हॉट्सअ‍ॅप 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा काहीच बदलणार नाही असं सांगितलं होतं. शब्द पाळला गेला. चांगली दोन वर्षं. ऑगस्ट 2016 मध्ये अटी बदलल्या, आणि जानेवारी 2021 मध्ये तर नकाराची कटकटही मिटवली : मान्य करा, नाहीतर निघा.

हे आदर्श धोरण साकोली तालुक्यातल्या आमच्या एकोडीनंही उचलावं, ही नम्र सूचना. चौकातली चहाटपरी विकली, की बाकड्यांबरोबर गिऱ्हाइकंही आपोआप नव्या मालकाच्या नावे चढावीत. 'पायरीवर पाय ठेवला म्हणजे अटी मान्य' अशी पाटी लागावी. अटी अर्थात बारीक अक्षरात. वाचून होईस्तोवर चहावर साय धरावी. बोलणं कोणी ऐकणार नाही, याची लेखी हमी. फक्त कोण कोणाबरोबर आलं, किती वाजता, किती वेळ बसलं, पैसे कोणी दिले, एवढंच वहीत लिहून साकोलीच्या खतवाल्याला कळवलं जाईल. यात खासगी ते काय? आमच्याकडे एवढ्यावर फारतर सोयरीक मोडते.

2021 च्या याच अटींपायी स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीलाच, 213.14 कोटींचा दंड ठोठावला, तो मात्र आम्हाला अनाठायी वाटतो. लोकांची हरकत आहेच कुठे? ही सूचना मी पडताळणीसाठी गावच्या ग्रुपवर टाकली. पहिली ओळ वाचून व्हायच्या आत अंगठ्यांची रांग लागली.

सावकाराच्या काळी निदान शाई तरी लागायची.