सातवे

संस्था नोंदवायची तर किमान सात माणसं हवीत, असं 1860 चा कायदा म्हणतो. चिखलीत सहा कशीही जमतात. आपण स्वतः, बायको, मेहुणा, शाळेतला मित्र, शोभेला एक डॉक्टर आणि कामाला एक वकील. सातव्यासाठी फोन जातो तो आमच्या सातव्यांना. हे त्यांचं आडनाव नव्हे. पण एवढ्या संस्थांच्या कागदांवर शेवटची सही त्यांची आहे, की बदलून आलेला बँक मॅनेजर त्यांना बिनदिक्कत 'सातवेसाहेब' म्हणतो आणि तेही ओ देतात. शेतकरी उत्पादक कंपनीला सात पुरत नाहीत, दहा उत्पादक लागतात. तिथे ते दहावे. वाटणीत आलेलं दीड एकर सोयाबीन तेवढ्यापुरतं कामी येतं.

एवढ्या ठिकाणी पाय असले की संस्थांचं जाळं विणायला वेगळा माणूस लागत नाही. खामगाव रोडवरच्या एका हॉटेलात दोन संस्थांचा सामंजस्य करार झाला, तेव्हा मी साक्षीदार होतो. सातव्यांनी आधी पहिल्या संस्थेचे सहसचिव म्हणून सही ठोकली. मग उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले, मजकूर पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि दुसऱ्या संस्थेचे खजिनदार म्हणून सही केली. हस्तांदोलनाच्या फोटोला मात्र पंचाईत आली; शेवटी वेटरला पुढे केलं. करारात कुठेच खोट नव्हती. त्यांना खुपत होता तो स्टँप. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा जाऊन पाचशेचा आला. "इतक्यात मी पाच संस्था जोडल्या असत्या ना भाऊ," ते हळहळले.

त्यांच्या नेटवर्कच्या बैठका मी टाळतो. अकराची वेळ असते, साडेबाराला सुरू होते, परिचयात दोन वाजतात आणि दोन वाजता जेवण. जेवणानंतर 'पुढील दिशा' असते. पुढील दिशा म्हणजे बहुतेकांना बसस्टँडची.

पण माणूस नुसता पोकळ आहे असं समजू नका. सीएसआरचं गणित त्यांच्याइतकं स्वच्छ मला कुणी सांगितलेलं नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले, पण प्राधान्य कारखान्याच्या आसपासच्या भागाला. "आता आपल्या इथं कारखाना काहून नाही? कारण पाणी नाही. पाण्याचं काम काहून होत नाही? कारण कारखाना नाही." एवढं बोलून ते चहाचा घोट घेतात. यावर मी आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही.

त्यांचं एक मोठं स्वप्न 2020 मध्ये मोडलं. परदेशी निधी घेणारी एक मोठी संस्था गाठायची, तिनं वरून पैसे घ्यायचे आणि खाली आपल्या बारक्या संस्थांना वाटायचे, असा त्यांचा बेत होता. त्या वर्षी परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि असा निधी एका संस्थेनं दुसरीला देण्यावर सरसकट बंदी आली. सातवे आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "पैसा नाही ना देता येत? नसू द्या. ताडपत्री तर देता येते!"

तिथून त्यांच्या जाळ्याचा रंग पालटला. एका गटाकडे ग्रेडर आहे, पण सोयाबीन संपल्यावर तो पडून असतो. महिला बचत गटाकडे डाळ मिल आहे, पण वजनकाटा बिघडलेला. एका ट्रस्टकडे सभागृह आहे आणि त्यात उंदरांशिवाय कुणी सभा घेत नाही. सातवे इकडचं तिकडे करतात. याला ते 'संसाधनांचं अभिसरण' म्हणतात. त्यांच्या घरी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

2018 ची आठवण निघाली की मात्र त्यांची छाती फुगते. भारतीय जैन संघटनेनं जिल्ह्यात तलावांतला गाळ काढायचं 'सुजलाम सुफलाम' हाती घेतलं होतं. यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं, गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. तिघांनी आपापला वाटा उचलला तरच तलाव गाळातून सुटणार. यंत्र उभं आणि ट्रॅक्टर गायब, अशी वेळ आली की सातवे फोनवर. कुणाच्या घरी लग्न आहे आणि कुणाचा ट्रॅक्टर दुपारनंतर मोकळा आहे, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या मते समन्वय तो एवढाच, बाकी बॅनर.

मागच्या पावसाळ्यात बसस्टँडवर एक माणूस भिजत बसलेला दिसला. दाढी वाढलेली, एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटायचा. वेडा म्हणून लोक लांबून जात होते. सातव्यांनी थोडा वेळ ऐकलं, मोबाइल काढला आणि 'बंगाली सराफा' या नावावर फोन लावला. सोनारकाम करणारा एक पोरगा हातातलं काम टाकून आला. तो शब्द म्हणजे त्या माणसाचं गाव होतं. पुढची सोयही जवळच होती: चिखली तालुक्यातच, पळसखेड सपकाळला, नंदकुमार आणि आरती पालवे अशा बेघर मनोरुग्णांना सांभाळतात. कर्जतच्या ज्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना 2018 मध्ये मॅगसेसे मिळालं, त्यातही अशा माणसांना बरं करून घरी पोचवणं हाच गाभा आहे. ते मोठं काम. सातव्यांचा वाटा फक्त त्या पहिल्या फोनाचा. पण वार्षिक अहवालांत तो 'आंतरराज्य समन्वय' म्हणून आला. त्यांच्या तीन संस्थांच्या.

त्या दिवशी त्यांचा मोबाइल थोडा वेळ माझ्या हातात होता. त्यात एकही नाव माणसाचं नाही. 'ग्रेडर अमडापूर', 'ताडपत्री मेहकर', 'वकील 80जी', 'सीएसआर पुणे उंच', 'सीएसआर पुणे चिडका'. उत्सुकता आवरेना, म्हणून त्यांच्या मोबाइलवरून माझाच नंबर फिरवला. गेली अनेक वर्षं मी त्यांना माझे लेख वाचायला देतो आहे, तेही 'व्वा' म्हणून परत करतात. पडद्यावर अक्षरं उमटली: 'लेखक – मेहुण्याचा टेम्पो'.