उत्तरदाता क्रमांक ३८४ यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय उत्तरदाता क्रमांक ३८४,
जिल्हा सातारा
(गावाचे नाव गोपनीयतेच्या हमीमुळे लिहीत नाही.)

विषय : प्रश्नावली भरून न दिल्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या होत असलेल्या नुकसानीबाबत.
संदर्भ : व्हॉट्सअ‍ॅपवरील आपल्या दोन निळ्या खुणा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, आपण निरोप वाचता, खुणा निळ्या होतात आणि पुढे काहीही घडत नाही. एक फॉर्म राहिला तर कुणाचं काय अडलं, असं आपल्याला वाटत असणार. माझी पीएच.डी. अडली आहे.

'सहकारी पतसंस्थांमधील सभासदांचे समाधान : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ सातारा जिल्हा' हा माझा विषय. सगळ्या सभासदांना विचारणं अशक्य, तेव्हा किती जणांना विचारायचं? क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७० सालीच तक्ता करून ठेवला आहे. लोक दहा लाख असोत की कोटभर, ३८४ माणसं पुरतात. पाच टक्के इकडेतिकडे, पंच्याण्णव टक्के विश्वास. तेव्हापासून कितीतरी प्रबंधांत ३८४ चाच मुक्काम आहे. विषय शाम्पूचा असो वा शेअर बाजाराचा, महाराष्ट्राचं मत ३८४ जणांच्या पलीकडे जात नाही.

या हिशेबाला एक बारीक अट आहे. प्रत्येक सभासदाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. ती मी काटेकोर पाळली. माझ्या सासरच्या प्रत्येक माणसाला सारखी संधी दिली. आपण माझ्या नणंदेच्या दिरांचे मित्र, म्हणून आपण 'सिंपल रँडम सॅम्पल'. तिसऱ्या प्रकरणात तसं टाइपही झालं आहे. ३८३ वर भागवावं का, असं मी गाइडसरांना विचारून पाहिलं. सर म्हणाले, "रेफरी विचारतील."

आपलं उत्तर चुकेल अशी धास्ती असेल तर ती सोडावी. पाचवं प्रकरण, म्हणजे निष्कर्ष आणि शिफारशी, लिहून तयार आहे. बाइंडिंगवाल्याला सोनेरी अक्षरांचं मापही देऊन ठेवलंय. शून्य गृहीतक तर डिपॉझिट जप्त व्हावं म्हणूनच उभ्या केलेल्या उमेदवारासारखं असतं; ते पडणारच. आपण फक्त मतदानाला यावं.

आणि काम तरी किती सोपं! रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पायऱ्या बांधून दिल्या. पाच चौकोन, एक खूण. तरीही काही जण घोळ घालतातच. एका पतसंस्थेच्या दारात एक मावशी भेटल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ठेवपावती होती. त्यांनी एकाही चौकोनात खूण केली नाही. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं दाबून लिहिलं : 'मुदत मार्चला भरली. पैसे कधी देणार ते आधी विचारा, मग समाधान विचारा.' आता हे एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या रकान्यात घालायचं? सरांनी मार्ग काढला : सगळीकडे ३ टाका. तेव्हापासून मावशी 'तटस्थ' आहेत.

एवढं करून बाईला मिळणार काय, हेही आपल्या मनात आलं असेल. प्राध्यापकी. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) जाहीर केलं की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागेलच. लोक धावत सुटले. मग तारीख जुलै २०२३ वर गेली. जुलै २०२३ उजाडला आणि नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक असं ठरलं. ऐच्छिक म्हणजे किती ऐच्छिक, तर २०१८ च्याच नियमांत महाविद्यालयाच्या छाननीत सेटला ५ गुण आणि पीएच.डी.ला २५. शिवाय हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. निवड केवळ मुलाखतीवर. मुलाखतीत नेमकं काय विचारतात ते मी आपल्याला काय सांगावं? आपण संस्थाचालकांच्या गावचेच.

शोधनिबंधांचंही असंच. यूजीसी-केअर यादीतलं जर्नल गाठायला जिवाचं रान केलं, पैसे भरले, छापूनही आलं. २०२५ मध्ये यूजीसीनं यादीच बंद केली. जर्नल अजून सुरू आहे. फीची स्मरणपत्रं नियमित येतात.

तूर्त मी तासिका तत्त्वावर आहे. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. दिवाळीत तास नसतात, म्हणून पैसेही नसतात. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. नोकरीची शाश्वती असली की कर्मचाऱ्याचं मन कामात रमतं, हा मुद्दा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. परीक्षेला तो हमखास येतो.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना दोन वर्षं जादा. माझं सध्या जादाचंच चाललंय. गाइडसरांकडे जागा रिकामी व्हायची वाट पाहत दोघे जण बाहेर उभे आहेत, तेही मला भेटले की आपलीच चौकशी करतात. प्रबंध एकदा शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढला की आपण तिथे कायमचे राहाल. नावानं नाही, टक्केवारीत.

तरी कृपया प्रश्नावली भरून परत पाठवावी, ही नम्र विनंती. कळावे.

आपली विश्वासू,
होऊ घातलेली डॉक्टर

सोबत : प्रश्नावली (चार पाने), पेन (परत करू नये).

ता. क. : शेवटचा प्रश्न 'अन्य काही सांगायचे असल्यास' असा आहे. तो कोरा सोडावा.