पिवळ्या कार्डाचा वजीर

एरंडोलच्या बाजारात आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि गावाबाहेर चार एकर कोरडवाहू. गिऱ्हाईक आलं तर आप्पा उठतात, पण बुद्धिबळाच्या पटावर त्यांचा हत्ती धोक्यात असेल तर गिऱ्हाइकालाच बसवतात. असे आप्पा प्रत्येक तालुक्याला एक असतातच. चहाच्या पैजेवर ते कधी हरत नाहीत आणि मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेला जाऊन कधी जिंकत नाहीत.

जावं की न जावं, याचा हिशेब ते उधारीच्या वहीत मागच्या पानावर मांडतात. एकदा मला त्यांनी तो दाखवला. फी 3000, जळगावपर्यंत एसटी, पुढे पुण्याची रेल्वे, चार रात्रींचा लॉज, किरकोळ. एकूण 9400. समोर पहिलं बक्षीस, 2 लाख. वजाबाकी करून ‘निव्वळ नफा 1,90,600’ लिहिलेलं आणि खाली ठसठशीत दोन रेघा. मधल्या नऊ फेऱ्या मात्र हिशेबात कुठेच नव्हत्या.

मी म्हणालो, “आप्पा, चारशे जणांचे तीन-तीन हजार म्हणजे झाले 12 लाख. बक्षिसं त्यातूनच निघतात. हॉलचं भाडं, पंचांचं मानधनही त्यातूनच.”

आप्पा हसले. “एरंडोलच्या माणसाला बकासुर शिकवतो का? तो इथलाच! गाडाभर अन्न गावानं पाठवायचं, खाणारा एकच. पण आपण भीमाच्या बाजूनं जाऊन राहिलो!”

भीम होण्यासाठी त्यांचा भरवसा होता ‘1600 खालील’ गटावर. आप्पांचं रेटिंग 1450. ते वाढू नये म्हणून ते जिवाला जपत. पिवळं रेशनकार्ड सांभाळणारा माणूस घराला रंग देत नाही, तसे आप्पा जळगावच्या छोट्या स्पर्धांमध्ये जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडवत. आणि मार्च 2024 मध्ये फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, घात केला. 2000 च्या खाली जो जितका असेल, त्या फरकाच्या चाळीस टक्के गुण सगळ्यांना एकदम वाढवून दिले. आप्पांना 220 मिळाले. सकाळी 1670 झाल्याचे पेढे वाटले, संध्याकाळी लक्षात आलं की पिवळं कार्ड गेलं, केशरी हातात आलं.

मग केशरी गटात उतरले. पहिल्याच फेरीत समोर आठ वर्षांचा पोरगा. पाय जमिनीला टेकत नव्हते, गळ्यात कार्टूनची पाण्याची बाटली. कागदावर त्याचं रेटिंग आप्पांपेक्षा कमीच होतं. आप्पा किल्लेकोट करून वीस मिनिटं विचारात बुडाले, तोवर पोरानं चिक्की खाल्ली, शेजारचे दोन डाव बघून आला, दाताला चिकटलेला गूळ जिभेनं काढला. शेवटी अदबीनं म्हणाला, “काका, मात झाली.” आप्पांना ती दिसायला आणखी पाच मिनिटं लागली. परत आल्यावर त्यांनी वही गोणपाटाखाली टाकली.

पण जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकली. पहिलं बक्षीस 50 हजार डॉलर! आप्पांनी डॉलरचे रुपये केले, रुपयांचे कापसाचे क्विंटल केले आणि वही झटकून परत वर काढली. तासभर आकडेमोड चालली. शेवटी मान हलवून म्हणाले, “नाही परवडत. बंद.”

आत काकू डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कापूस परवडस का? तरी दरसाल लावतसच ना!”

दुकानात शांतता पसरली. आप्पांनी नवं पान काढलं. फी 3000, एसटी, रेल्वे, लॉज, किरकोळ. नफ्याच्या रकान्यात या वेळी लिहिलं, ‘नऊ डाव’. मग आत एक नजर टाकून ‘किरकोळ’ खोडलं आणि तिथे ‘साडी’ लिहिलं.