बाहीवरचे प्रावीण्य

स्काउट चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते पुस्तकाबाहेरचे शिक्षण. 1950 मध्ये स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेने ते सोपानांत, म्हणजे चढत्या पायऱ्यांत, बसवले आणि माथ्यावर राष्ट्रपती पुरस्कार ठेवला. प्रावीण्य बॅज म्हणजे स्वयंपाक, प्रथमोपचार यांसारखे कौशल्य परीक्षकापुढे सिद्ध केल्यावर बाहीवर शिवला जाणारा कापडी बिल्ला. तो शिवते मात्र बहुधा आई, जिने स्वयंपाकाच्या बॅजसाठीची कणीकही मळून दिलेली असते आणि जिच्या बाहीवर अद्याप कोणी काही शिवलेले नाही. केलेल्या कामांची नोंद ठेवणारी लॉगबुक नावाची वही सुवाच्य अक्षरांत पूर्ण असते. ते अक्षर पाल्याचे की पालकाचे, हे ओळखण्याचा बॅज परीक्षकांसाठी अजून निघायचा आहे. दररोज एक तरी सत्कृत्य निरपेक्षपणे करावे, हा या चळवळीचा जुना दंडक. महाराष्ट्रात स्काउट-गाइडना दहावीला सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून ही निरपेक्षता प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रतीसह विहित मुदतीत सादर करता येते.